चार नंबरचं टार्गेट

विजूताई मोहोड सगळं मोजायच्या. तोंडाने पुटपुटत नव्हे, यंत्राने. डाव्या मुठीत मावेल असा एक स्टीलचा काउंटर त्यांच्या पर्समध्ये कायम असे. अंगठ्याने बटण दाबलं की ‘टक’ असा आवाज व्हायचा आणि खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकायचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं त्यांनी त्याच्यावर पेशी मोजल्या होत्या. रिटायर झाल्यावर त्या कुकरच्या शिट्ट्या, तळ्याभोवतीच्या फेऱ्या आणि लोकांची भाषणं मोजायला लागल्या. गणपतीत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बोलून खाली बसले की त्या माझ्या बायकोच्या कानाशी वाकून म्हणायच्या, “‘खऱ्या अर्थाने’ सतरा वेळा. मागच्या वर्षी अकराच होते. माणूस प्रगती करून राहिला.”

मी यावर खूप हसायचो, माझी पाळी येईपर्यंत. एकदा इथे परदेशात, शॉमबर्गच्या आमच्या घरी, दहा-बारा जणांचं जेवण होतं आणि मी माझ्या छंदाबद्दल बोलत होतो. श्रीखंड संपेपर्यंत बोलत होतो. हात धुवायला उठलो तेव्हा विजूताईंनी मूठ उघडून काउंटर दाखवला. “अविनाशभाऊ, तुम्ही एकवीस वेळा ‘मी’ म्हणाले. पण गोष्ट छान होती. मला एकदा नेता का तिथे? एकदाच. पाहायचं आहे.”

पुढचं कळायला हवं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मी जळकुटा माणूस आहे. शेजाऱ्याचं लॉन माझ्यापेक्षा हिरवं दिसलं तर माझी सकाळ खराब जाते. ऑफिसात कोणाला बढती मिळाली की मी सगळ्यांच्या आधी अभिनंदन करतो आणि सगळ्यांच्या आधी घरी निघून जातो. भजनाच्या ग्रुपमध्ये माझ्या बायकोची, संध्याची, कोणी वाहवा केली तरी मला वाटतं, गातो तर मीही. हा स्वभाव लपवायला मी आयुष्यभर पुष्कळ कष्ट घेतलेत. त्या कष्टांतून जो एक कोपरा मोकळा ठेवला होता, तो म्हणजे माझा छंद. तिथे आमच्या लोकांपैकी कोणीच नव्हतं.

हा छंद म्हणजे बेंचरेस्ट. रायफल हातात धरायची नाही, सिमेंटच्या टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची. मागे स्टुलावर बसायचं आणि सहाशे यार्डांवरच्या, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून लांबच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. गोळी मधोमध लागली की नाही याला महत्त्व नाही. पाचही छिद्रं एकमेकांच्या किती जवळ आहेत, एवढंच मोजतात. त्या पाचांना मिळून ग्रूप म्हणतात आणि ग्रूप जितका लहान तितका माणूस मोठा. दोन इंचांत पाच बसली तर लोक पाठ थोपटतात. त्यासाठी माझ्यासारखे लोक तळघरात बसून एकेक काडतूस स्वतः भरतात आणि त्यातली पावडर दाण्यादाण्याने तोलतात. एवढं करूनही शेवटी सगळं वाऱ्याच्या हातात असतं, कारण सहाशे यार्डांत वारा गोळीला हवा तिकडे ढकलतो.

आमचा क्लब घरापासून दोन तासांवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध. तो चालवतो वॉल्ट नावाचा एक म्हातारा शेतकरी, जो महिन्याकाठी साधारण एक वाक्य बोलतो. क्लबाच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाची एक मोठी पाटी आहे. तिच्यावर दर वर्षीच्या सर्वांत लहान ग्रूपवाल्याचं नाव पितळेच्या पट्टीवर कोरून लावतात. नऊ वर्षं मी त्या पाटीखाली उभा राहून कॉफी प्यायलो होतो. त्या वर्षी जूनमध्ये माझा ग्रूप पडला एक पूर्णांक एक्केचाळीस इंच. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, कोणी त्याच्या जवळही आलं नाही. आता ऑक्टोबरची शेवटची स्पर्धा तेवढी उरली होती. ती पार पडली की पट्टी माझी.

आणि नेमकं तेव्हाच संध्या म्हणाली, “घेऊन जा ना विजूताईंना. मोहोडसाहेब गेल्यापासून त्या कुठे स्वतःहून येते म्हणत नाहीत. तुला काय प्रॉब्लेम आहे?”

प्रॉब्लेम काहीच नव्हता. उलट मला गुदगुल्या झाल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, अमरावतीची, उभ्या जन्मात बंदूक पाहिलेली नाही. ती माझ्या शेजारी बसणार, तिचे कागदावर इकडेतिकडे ठिपके पडणार आणि मग तिला कळणार की मी एकवीस वेळा ‘मी’ का म्हणालो. मी तिला माझी जुनी रायफल देऊ केली. जुनी म्हणजे माझी दुसरी, पण उत्तम. या राज्यात बंदूक हाताळायला लागणारं कार्ड विजूताईंनी महिनाभरात काढून आणलं. त्यावरच्या फोटोत त्या पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारख्या दिसत होत्या.

तीन शनिवार मी त्यांना जवळच्या रेंजवर शंभर यार्डांवर शिकवलं. शिकवलं म्हणजे बोललो. त्या ऐकायच्या, चष्मा वर करायच्या, रायफलवरच्या दुर्बिणीला डोळा लावायच्या आणि मग पुतळा व्हायच्या. माझे खांदे दर मिनिटाला हलतात, मान अवघडते, नाक खाजतं. त्या पाच-पाच मिनिटं हलत नसत. मी विचारलं, “ताई, सवय कशी काय?” त्या म्हणाल्या, “तीस वर्षं दुसरं काय केलं? फक्त आता काच लांब आहे.”

त्यांचं काम तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं. दिवसाला ऐंशी-नव्वद काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली यायच्या. प्रत्येक पट्टीवर कुठल्यातरी बाईच्या हजारो पेशी, आणि त्यांतली एखादीच वाईट असेल तर ती शोधायची. “काचेवर जे आहे तेच लिहायचं, भाऊ. जे वाटते ते नाही.” हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत की मलाच काउंटर घ्यावासा वाटे. एकदा त्यांच्या धाकट्या जावेचीच पट्टी त्यांच्यापुढे आली होती. नाव पाहिलं, पट्टी पाहिली, जे होतं ते लिहिलं. मी विचारलं, “हात थरथरला नाही?” त्या म्हणाल्या, “लिहिताना नाही. नंतर पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले. पण लिहिलं म्हणून वेळेत ऑपरेशन झालं. आता माझ्याशी भांडते ती, चांगली ठणठणीत आहे.”

तिसऱ्या शनिवारी त्यांचा शंभर यार्डांवरचा ग्रूप माझ्यापेक्षा लहान आला. फार नाही, नखाएवढा. मी म्हटलं, “वा, ताई.” आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली, त्यांना नेऊ दिली नाही. घरी येऊन तळघरात दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून पुन्हा मोजले. उत्तर तेच आलं.

माझ्या मनात काय चाललं होतं ते इतक्या वर्षांनी झाकून काय करू? रायफल माझी. काडतुसं माझ्या हातची. पावडर मी तोललेली, वाळूच्या पिशव्या मी शिवून घेतलेल्या. मग त्या बाईचं त्यात होतं काय? एक डोळा आणि न हलणारं अंग. नऊ वर्षं मी जे पदरमोड करून, पुस्तकं वाचून, थंडीत कुडकुडून मिळवलं, ते या बाईला आयतं मिळालेलं. आणि याहून वाईट म्हणजे त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. ग्रूप चांगला आला तरी त्या पाण्याची बाटली उघडून घोटभर पाणी पीत आणि म्हणत, “बरा आला.” मला असा ग्रूप आला असता तर आठवडाभर ऑफिसात सांगत फिरलो असतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मका कापून झालेला होता आणि कडेचे वाळके पाचोळे कुंपणाला अडकून फडफडत होते. सहा टेबलं, सहा जण. विजूताईंना चार नंबरचं टेबल मिळालं, मला पाच नंबरचं. वॉल्टने त्यांना नियम सांगितले आणि मी त्यांच्या कानात पुन्हा सांगितले. विशेषतः एक. “ताई, दुर्बिणीतून सगळी टार्गेटं सारखीच दिसतात. ट्रिगर दाबायच्या आधी टार्गेटखालचा आकडा बघायचा. दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलीत तर त्याला क्रॉसफायर म्हणतात. नवशिक्यांचं हमखास होतं.” त्यांनी मान डोलावली आणि काउंटर शून्यावर आणून टेबलावर डाव्या हाताशी ठेवला.

आधी नेम जमवून घ्यायच्या गोळ्या झाल्या. मग वॉल्टने भोंगा वाजवला. आता दहा मिनिटं, पाच गोळ्या, याच मोजल्या जाणार. माझ्यासकट सगळ्यांनी सुरुवात केली. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून मैदानात जागोजागी छोटी निशाणं लावलेली असतात. ती कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होती. मी दोन मारल्या. चार नंबरवरून आवाज नाही. तीन मिनिटं गेली, चार गेली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. विजूताई स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर. मला वाटलं, मोजायची वेळ सुरू झाली हे त्यांना कळलेलंच नाही. हळूच सांगता आलं असतं. नियमात बसत होतं, शेजारीच होतो. मी सांगितलं नाही.

मग त्या आपल्याआपणच म्हणाल्या, “आता काय म्हणून राहिला वारा?” त्या निशाणांकडे पाहत नव्हत्या. कुंपणापलीकडे रुईसारखी रानटी झुडपं होती, त्यांची बोंडं फुटून पांढऱ्या म्हाताऱ्या उडत होत्या, लहानपणी आपण फुंकर मारून उडवायचो तशा. त्या म्हाताऱ्या इतका वेळ आडव्या पळत होत्या. एकाएकी त्या सरळ वर तरंगायला लागल्या. विजूताईंनी डोळा लावला. एक गोळी, टक. दुसरी, टक. तिसरी, टक.

त्याच क्षणी माझा तोल गेला. हवा थंड आणि स्वच्छ होती, अशा सकाळी चांगल्या दुर्बिणीतून सहाशे यार्डांवरचं छिद्रही पुसट दिसतं. मी माझी रायफल पिशव्यांवर जराशी डावीकडे सरकवली आणि त्यांच्या टार्गेटवर पाहिलं. पांढऱ्यावर तीन ठिपके होते, एकमेकांना खेटून. वरून रुपयाचं नाणं ठेवलं असतं तर तिन्ही झाकले गेले असते. मी किती वेळ पाहत राहिलो सांगता येत नाही. आत कुठेतरी कोणी तवा तापत ठेवलाय असं वाटत होतं. तेवढ्यात समोरची निशाणं पडली, वारा थांबला, नऊ वर्षांच्या सवयीने बोट आपोआप गेलं आणि मी ट्रिगर दाबला.

त्या तीन ठिपक्यांपासून चार बोटं उजवीकडे चौथा ठिपका उमटला. मी टार्गेटखालचा आकडा पाहिला. चार.

ही चूक होती, हे मी शपथेवर सांगतो. पण पुढचं चूक नव्हतं. आमच्या क्लबाचा नियम साधा आहे. क्रॉसफायर झाला तर तिथल्या तिथे हात वर करायचा. आपण त्या फेरीतून बाद होतो, आणि समोरच्याच्या टार्गेटवरचं ते परकं छिद्र सोडून बाकीची मोजतात. मी हात वर केला नाही. रायफल माझ्या टार्गेटवर आणली, डब्यातून एक जादा काडतूस काढलं आणि आणखी तीन गोळ्या मारल्या. माझ्या कागदावर बरोबर पाच छिद्रं झाली. शेजारी विजूताईंनी त्यांच्या राहिलेल्या दोन मारल्या. टक. टक. मग त्यांनी पाणी प्यायलं.

टार्गेटं खोलीत आणली, वॉल्ट भिंग आणि अंतर मोजायचा कॅलिपर घेऊन बसला. चार नंबरचा कागद हातात आल्यावर तो थांबला. पाच छिद्रं एका झुबक्यात आणि एक बाजूला, एकटं. खोलीतले सगळे उठून पाहायला आले. त्याने विचारलं, “चार नंबरवर कोणाची गोळी गेली का?” तीन नंबरवाला नाही म्हणाला. वॉल्टने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्या टार्गेटवर पाच आहेत, मोजून बघ.” हे वाक्य खरं होतं, आणि इतकं खोटं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

विजूताई माझ्याकडे पाहत होत्या. चिडून नाही. पट्टीवरची पेशी पाहावी तशा, डोकं किंचित एका बाजूला करून. मग त्या वॉल्टला इंग्रजीत म्हणाल्या, “मी नवीन आहे. मोजताना चुकले असेन. सहावीही मीच मारली.”

वॉल्टने कॅलिपर पुन्हा उचलला. मग म्हणाला, “तर मग मला सहाही मोजावी लागतील, मॅडम.” तीन पूर्णांक नऊ इंच भरले. विजूताई शेवटच्या आल्या. त्यांनी काउंटर उचलला, बाजूची किल्ली फिरवून आकडा शून्यावर आणला आणि तो पर्समध्ये ठेवून चेन लावली.

परतताना गाडीत त्यांनी गोडलिंब घातलेल्या चिवड्याचा डबा उघडला. त्या मला वाटीत चिवडा देत होत्या आणि मी रस्त्याकडे बघत खात होतो. “छान गेला दिवस, भाऊ. त्या म्हाताऱ्या इथेही असतात, हे माहीत नव्हतं मला.” एवढं बोलून त्या सीटवर मान टेकून झोपल्या. मला वाटलं होतं की सुटका झाल्यावर बरं वाटेल. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा न चुकणारी बाई पाचापर्यंत मोजायला चुकली, यावर जगात कोणाचाही विश्वास बसला असता, माझा सोडून.

नोव्हेंबरात पितळेची पट्टी लागली. माझं नाव, खाली एक पूर्णांक एक्केचाळीस. संध्याने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा विजूताईंचा आला. त्या हिवाळ्यात मी त्या पाटीखाली कॉफी प्यायला एकदाही उभा राहिलो नाही; खिडकीपाशी उभा राहत होतो. विजूताई भेटल्या की मी मुद्दाम जास्त बोलायचो आणि बोलताना ‘मी’ टाळायचो. त्यामुळे वाक्यं इतकी वाकडी व्हायची की संध्याने विचारलं, “तू बरा आहेस ना?”

मार्चमध्ये कळलं की विजूताई घर विकून मुलीकडे, ऋताकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला बेलव्ह्यूला जाणार. एका रविवारी दुपारी मी खोकी भरायला मदत करायला गेलो. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी टेप लावत होतो. तिसऱ्या खोक्यावर मला ते पेलवेना.

“ताई, चार नंबरवरचं ते सहावं भोक माझं होतं.”

त्यांनी मान वर केली नाही. “माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. माझी चौथी मारायची राहिली होती, अन् टार्गेटवर चौथं भोक येऊन बसलं. तुमची गोळी सुटली की माझ्या टेबलाला धक्का बसते. तो सहा वेळा बसला. माझे पाच, तुमचे सहा.” त्यांनी डब्यावर झाकण दाबलं. “मोजून राहिले होते ना मी.”

चौथं भोक दिसल्यावरही या बाईने उरलेल्या दोन गोळ्या त्याच झुबक्यात घातल्या होत्या. तशा अवस्थेतही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

“मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?”

“मला तिथे एकदाच यायचं होतं, भाऊ. तुम्हाला दर शनिवारी जायचं असते.” त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. “तुमचं तोंड पाहिलं मी तेव्हा. लहान लेकराने काही फोडलं की असं होते. म्हटलं, जाऊ दे.”

मी टेपचं टोक नखाने शोधत बसलो. ते सापडत नव्हतं.

“पण एक सांगते,” त्या म्हणाल्या, आणि आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नंतर बरं नाही वाटलं मला. तीस वर्षांत काचेवर नसलेलं काही लिहिलं नाही. जावेचंही खरं लिहिलं. अन् तिथे त्या कागदावर, माझ्या नावापुढे, खोटं आहे. ते मीच सांगितलं, कोणी जबरदस्ती नाही केली. पण ते टोचते.”

“मग मी काय करू?”

“मी काहून सांगू? तुम्हाला दिसून राहिलं ना काय आहे ते?” आणि त्यांनी पुढचा डबा उचलला. “तो मोठा टेप इकडे द्या. हा चिकटत नाही.”

त्या दिवशी मी त्यांची अकरा खोकी बांधली. आठवड्याने त्या गेल्या. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. सामान काढून दिलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि आत निघून गेल्या. त्या मागे वळून पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

एप्रिलच्या पहिल्या स्पर्धेला सगळे जमले होते. मी रायफल गाडीतून काढलीच नाही. खोलीत गेलो आणि वॉल्टला म्हटलं की मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय.  सगळं सांगितलं. डोकावून पाहिलं, ट्रिगर दाबला, जादा काडतूस काढलं आणि मग ते वाक्य बोललो, तेही.  ज्या लोकांनी नऊ वर्षं मला जागा करून दिली, ते आपापल्या कपात पाहत होते. तीन नंबरवाला उठून बाहेर गेला. त्याच्यावरही सहा महिने संशय होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वॉल्ट कपाटाकडे गेला. मागच्या मोसमाचे कागद तो जपून ठेवतो. चार नंबरचा कागद काढला, एकट्या छिद्रावर पेन्सिलीने फुली मारली आणि उरलेली पाच मोजली. दोनदा मोजली. एक पूर्णांक बारा. मग त्याने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, पाटीवरची माझी पट्टी उतरवली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, “हा पूर्ण मोसम तू टेबलावर बसणार नाहीस. टार्गेटं लावायला पलीकडे, टार्गेटांखालच्या खड्ड्यात बसायचं.” त्याच्या दोन-तीन महिन्यांची वाक्यं एकदम खर्ची पडली. मग दाराशी थांबून त्याने विजूताईंच्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं. मी कागदावर लिहून दिलं.

मी तिथूनच, गाडीत बसून, त्यांना फोन लावला. मागे नात रडत होती आणि ऋता तिला इंग्रजीत समजावत होती. मी म्हटलं, “ताई, सांगून आलो. सॉरी. तुमचं नाव लागतंय पाटीवर. आधीच करायला हवं होतं, सॉरी. तुम्हाला तिथे शेवटच्या नंबरवर बसावं लागलं, सगळ्यांदेखत, त्याबद्दलही सॉरी. खरंच सॉरी.” पलीकडून बारीक ‘टक’ ऐकू आलं.

“काय मोजताय?”

“तुमचे सॉरी. चार झाले. पुरे आता.” मग त्यांनी विचारलं, “किती भरलं?”

“एक पूर्णांक बारा.”

“बरा आला,” विजूताई म्हणाल्या. आणि मग, आवाज जरा खाली आणून, “आता ते कागदावर जे आहे तेच लिहिलं ना?”

“हो.”

“मग झोप लागेल मला.”

तो मोसम मी खड्ड्यात काढला. डोक्यावरून गोळ्या जात, मी दुसऱ्यांचे कागद वर चढवी आणि खाली उतरवी. आता पुन्हा टेबलावर बसतो. तीन नंबरवाला बोलायला लागला आहे, हवामानापुरतं. ऑक्टोबरात कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या उडायला लागल्या की मी निशाणांऐवजी त्यांच्याकडे बघतो. त्याने फायदा होतो. एक पूर्णांक बाराच्या खाली मात्र कोणी गेलेलं नाही, मीही नाही.

कॉफी घेऊन मी पुन्हा त्या पाटीखाली उभा राहतो. व्ही. मोहोड, पितळेवर, ठसठशीत. विजूताईंकडून मी पुष्कळ शिकलो, माझा स्वभाव बदलला, ते नाव पाहून आता मला फक्त आनंद होतो, असं इथे शेवटी लिहायचं फार मनात होतं. पण ते काचेवर नसलेलं लिहिल्यासारखं होईल. ते नाव दिसलं की माझ्या पोटात अजून दुखतं, दर शनिवारी, न चुकता.